पट्ट्या बांधण्याची रीत

विघ्नहर्त्या गणरायास व कृष्णामाईस वंदन करून हे लिहावयास घेतो. निमित्त आष्ट्याच्या शिपाई संदीपच्या श्राद्धतिथीचे.

माझे बालपण वाईच्या पाठशाळेत गेले, तारुण्य सांगलीच्या तालमीत आणि पुढील आयुष्य सैन्यात. सुभेदार असताना, सेवेच्या अखेरीस, आमच्या केंद्रावरील मुलींच्या पहिल्या बॉक्सिंग शिबिराचा प्रशिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. तोवर रिंगजवळ स्त्री दिसे ती डॉक्टर म्हणून. आता तीन मुली आल्या, तिघी तीन वजनगटांच्या. त्यांना सरावास जोडीदार नव्हते, म्हणून हलक्या वजनाचे जवान दिले गेले.

पहाटे पाचला फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, मग धावणे, मग रिंग. तालमीत पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात. रिंगमध्ये माती नसते. म्हणून मी एक रीत घातली : ज्याच्याशी लढायचे, त्याच्या हातांना ग्लोव्हजखालच्या कापडी पट्ट्या आपण बांधायच्या.

कडेगावची लान्स नायक वैशाली आणि संदीप ही एक जोडी. जवानांनी मुलींवर पूर्ण ताकद लावू नये, असा स्थायी आदेश होता. तो माझा नव्हता, परंतु वाचून दाखवला मी.

एके सकाळी वैशाली वैतागली. "आवं दादा, मारताय का माश्या हाकताय?"

"वरनं हुकूम हाय, ताई. माश्याच हाकायच्या."

तो हसला. हसताना त्याचा डावा हात खाली आला आणि तिचा उजवा ठोसा बरगडीवर बसला. तो कॅनव्हासवर बसून राहिला. श्वास आल्यावर म्हणाला, "लय चांगला बसला."

बरगडीला चीर गेली होती. ती भरेपर्यंत केंद्राच्या पुरुष संघाची निवड संपली. संघात नसलेल्या जवानाने युनिटला परतायचे असते. तो परतला. त्याचे युनिट बर्फातील चौकीवर होते. गस्तीवरून त्याचा रेडिओ संदेश आला : "ट्रॅक बंद. परत येतोय. ओव्हर." पाठोपाठ हिमकडा कोसळला.

मी निवृत्त होऊन साताऱ्यास आलो. वैशाली खेळत होती, पण हरत होती. त्याच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही दोघे आष्ट्यास निघालो, तेव्हा वाटेत ती म्हणाली, "साहेब, उजवा हात उचलतच न्हाई. संघातनं नाव काढा, म्हनून सांगणार हाय." तो आदेश वाचणारा माझा आवाज मलाही ऐकू येत होता.

पिंडदान झाले. पंगत उठली. वैशाली संदीपच्या आईपुढे बसली. "मावशी, माज्या ठोशानं त्यो संघातनं गेला. न्हाईतर वर गेलाच नसता."

मातोश्री उठल्या. युनिटकडून आलेल्या काळ्या ट्रंकेतून त्यांनी संदीपच्या पट्ट्या काढल्या.

"राग हाय मला तुजा. न्हाई म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "हात कर."

त्यांनी आधी अंगठ्यात फास अडकवला, मग मनगट, मग बोटांच्या मधून वेढे घेतले. एकही वेढा चुकला नाही. रजेवर आला की संदीप त्यांच्याच हातांवर सराव करून दाखवीत असे.

"त्यो म्हनायचा, ती पोरगी मारताना कच खात न्हाई. आता त्याच्या माघारी खाऊ नगंस."

दोन्ही हात बांधून होईपर्यंत वैशालीने मान वर केली नाही. संघातून नाव काढण्याचा विषय परतीच्या वाटेवर निघाला नाही.

आज ती त्याच शिबिरात नव्या मुलींना शिकवते. आता प्रत्येक वजनगटात मुलींना मुलीच जोडीदार मिळतात. तो आदेश उरला नाही, रीत मात्र उरली आहे. पट्टीचा पहिला फास अडकवताना वैशाली संदीपचे नाव घेते. मी सायंसंध्येच्या अर्घ्यानंतर घेतो. त्याने माझे मन हलके होत नाही, आणि व्हावे असेही वाटत नाही.

वाचकहो, आपल्या घरातील लेकींच्या हातांत बळ राहो, आणि दूर चौकीवर उभे असलेले आपले कोणी असेल, ते सुखरूप आपल्या उंबऱ्यात परत येवो.