मावशींच्या फोनचा पहिला नंबर

तुमसरच्या त्या राइस मिलच्या नेटवर्क स्विचचं सेटिंग उघडून पाहिलं आणि मी कपाळावर हात मारला. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती. भंडाऱ्यात माझं छोटं दुकान होतं आणि असली कामं करत मी उरलेल्या जिल्ह्यात फिरायचो. पण असा नमुना कुठं पाहिला नव्हता, बापा! नेटवर्कमध्ये गर्दी झाली की कोणाला आधी वाट द्यायची, हे स्विचमध्ये ठरवता येतं. इथं मिलचे कॅमेरे, वजनकाटा, दोन्ही मालक भावांची ऑफिसं, मागच्या घरातले टीव्ही, सगळ्यांनाच पहिला नंबर दिलेला.

थोरल्या भावाला विचारलं, हे कोणी केलं? तो म्हणाला, मीच करायला लावलं, आमच्या घरात कोणाले मागं ठेवत नाही. दोन भाऊ, दोन जावा, एक चूल. एकाचा टीव्ही दुसऱ्याच्या मागं पडला असता तर त्या चुलीचं काय झालं असतं, ते त्यालाच ठाऊक. पण सगळेच पहिले म्हणजे पहिला कोणीच नाही, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना.

मला बोलावलं होतं त्यांच्या आईनं. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांची एकुलती लेक मस्कतला दिली होती. तिचा फोन नेटवरूनच यायचा आणि आवाज तुटून तुटून यायचा. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि दिलेली लेक मंडईला माहेरी येतेच. ही दोन वर्षं आली नव्हती. काम आहे, मी मजेत आहे, एवढंच सांगायची. मावशींना ते पटत नव्हतं. लेक खरंच मजेत आहे का, या काळजीनं त्यांची झोप उडाली होती.

"भाऊ, मले तिचा आवाज पुरा आयकू येऊ दे," त्या म्हणाल्या.

मी दोघा भावांना समोर बसवलं. म्हटलं, नेटवर आवाज तुकड्यातुकड्यांनी, पाकिटांत जातो; ती पाकिटं लहान असतात, पण त्यांना थांबता येत नाही. उशिरा आलेलं पाकीट फोन फेकून देतो आणि आवाज तुटतो. कॅमेऱ्याचं चित्र जरा मागं राहिलं तर कोणाचं काय बिघडतं? धाकटा म्हणाला, मग थोरल्याचे कॅमेरे मागं टाका. थोरला म्हणाला, आधी याचा टीव्ही टाका. माझं डोकंच फिरलं. मायचा फोन पहिला आणि तुम्ही समदे मागं, नसेल जमत तर मी चाललो, असं म्हणून मी बॅग उचलली. थोरल्यानं ती माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. मी बसलो आणि तसंच सेटिंग केलं.

संध्याकाळी फोन आला. आवाज तपासायचा म्हणून मावशींनी मला थांबवून घेतलं होतं. खांदा दुखायचा म्हणून त्या स्पीकरवरच बोलत. लेक म्हणाली, मी मजेत आहे. मग थांबली. आजवर तिचं असं थांबणं लाइनीच्या नावावर खपत होतं. आज लाइन साफ होती आणि नाक ओढल्याचंही ऐकू आलं. 

"सर्दी झाली," ती म्हणाली.

"हे सर्दी नाही. तू रडून राहिली," मावशी म्हणाल्या. "मंडईले ये. जावयाले नको आणू, एकटीच ये."

"अन् वापस नाही गेली तर?"

"तर नको जाऊ."

दोघं भाऊही तिथंच बसून ऐकत होते. मग थोरला उठला आणि फोनपाशी वाकला.

"पासपोर्ट कोणापाशी आहे तुहा? तुह्यापाशी का त्याच्यापाशी?"

"माह्यापाशीच आहे, दादा," ती म्हणाली. सगळं स्पष्ट ऐकू आलं.