सुदामचा दचकलेला ठोका

सुदाम गेल्याचं कळलं तेव्हा मी झेंडूच्या सरीत होते. नितीनचा फोन आला. त्याला बोलता येईना, नुसतं "आक्का... आक्का..." म्हणत राहिला. मी म्हटलं, "समजलं रे. तू आधी पाणी पी." मग फोन कमरेला खोचला आणि हातातली ओळ शेवटपर्यंत तोडली, कारण ओळ अर्धी टाकून उठलेलं सुदामला आवडत नसे. त्याला आता महिना उलटून गेला. काल खंडेनवमी झाली, म्हणून वही काढली. माझी शाळा चौथीतच सुटली, पण पाठच्या भावाबद्दल लिहायला तेवढी पुरेल.

आमचं वावर मखमलाबादला. सुदाम सातपूरला कारखान्यात होता आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या फुलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम वाजवायचा. नितीन त्याच कारखान्यातला, तो गिटार वाजवून गायचा. बाकीचे येत-जात राहिले, पण हे दोघं टिकले. बँडचं नाव त्यांनी 'घण' ठेवलं होतं. त्या संगीताला हेवी मेटल म्हणतात हे मला फार नंतर कळलं. शेजारच्या काकू बांधावरून विचारायच्या, "आक्का, शेडमधी काय कापून राहिले गं?" मी लाजून आत जायची. पण फुलं ओवायला मी शेडमध्येच बसायची. पहिले काही दिवस कान दुखले, मग सवय झाली, आणि मग तर ते नसले की माझी सुई चालेना. ड्रमच्या संचात एक छोटा ड्रम असतो, त्याच्या खालच्या बाजूला बारीक तारा असतात. बाहेर कुणी जोरात हाक मारली तरी त्या आपोआप खरखरतात. मी एकदा घाबरून विचारलं तर सुदाम म्हणाला, "त्याला ऐकू येतं, आक्का. लय चांगले कान हायेत त्याला."

त्यांचं पहिलं गाणं त्यांनी कॅसेटवर घेतलं तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्याकडे त्या दिवशी विळे, कुदळी, पंप सगळ्यांची पूजा होते आणि पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. सुदामने ड्रमही त्यातच धरले होते. त्यामुळे पूजेच्या आत गाणं संपवायचं होतं. टेपरेकॉर्डर क्रेटवर ठेवला होता, मला गप्प बसायला सांगितलं होतं. गाणं अर्ध्यावर आलं आणि आमची फुलं बाजारात नेणाऱ्या हिरामणच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. दसऱ्याची फुलं, बाजाराची वेळ... मी सगळं विसरले आणि दारातून ओरडले, "टेम्पो आला रे, फुलं उचला!" सुदाम एवढा दचकला की त्याचा ठोका अर्धा श्वास उशिरा पडला. तरी कुणी थांबलं नाही. गाणं संपवून, माळ घालून, कुंकू लावूनच सगळे फुलं उचलायला आले. पुन्हा वाजवायला पूजा आडवी आली आणि दसऱ्यानंतर टेपरेकॉर्डर ज्याचा होता तो घेऊन गेला. माझा आवाज त्या कॅसेटमध्ये राहिला. कुणी ती लावली की मी परसात निघून जायची. भावाचं पहिलं गाणं मी नासवलं, हे माझ्या मनातून कधी गेलंच नाही.

मागल्या वर्षी सुदामच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि वाजवणं बंद झालं. तेव्हा नितीनने ठरवलं की इतक्या वर्षांतली निवडक गाणी एकत्र करून एक अल्बम काढायचा. नाव ठेवलं 'पहिल्यापासून'. सुदामची एकच अट होती, सुरुवात त्या कॅसेटच्या गाण्याने व्हायची. आणि तो हयात असताना अल्बम त्याच्या हातात यायला हवा होता. मी नितीनला बाजूला घेऊन हात जोडले, "तेवढा माझा आवाज काढून टाक रे. लोक हसतील त्याला." त्याने कॉम्प्युटरवर काढलाही.

सुदामने कानाला हेडफोन लावून ऐकलं आणि अर्ध्यातच काढून ठेवला. "कोणी काढलं?"

नितीन माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "मी सांगितलं."

सुदामला दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यावा लागायचा. "आक्का, तू ओरडली म्हणून मी दचकलो. तो उशिरा पडलेला ठोका... तोच मग मी प्रत्येक गाण्यात मुद्दाम टाकला. लोक त्याला घणाचा ठोका म्हणत्यात. तूच नसली तर तो आला कुठून?"

"एवढी वर्षं बोलला नाय मला," मी म्हटलं.

"तू परसात पळायची, मग सांगू कोणाला?"

नितीन हसत सुटला. "चला, म्हणजे आक्का पण बँडमधीच होती. आता तालमीला दांडी मारायची नाय." आवाज परत घातला गेला.

अल्बम आला. आधी लोकांच्या मोबाइलवर गेला, आणि काही आठवड्यांनी गंगापूर रोडच्या एका सभागृहात कार्यक्रम झाला. मी शेवटच्या रांगेत पदर घट्ट ओढून बसले होते. पुढं सगळी काळ्या बनियनमधली पोरंपोरी, आणि आमच्या वयाची माणसंसुद्धा काळ्या बनियनमध्ये! ड्रमवर दुसरा मुलगा होता, सुदाम स्टेजच्या कडेला चाकाच्या खुर्चीत, हातात नुसत्या काड्या. पहिलं गाणं सुरू झालं. ती जागा आली आणि नितीनने तोंड माइकपासून बाजूला केलं. सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं, "टेम्पो आला रे, फुलं उचला!" आणि मग तो ठोका पडला, अर्धा श्वास उशिरा, जिथल्या तिथं. सुदामने काडी उचलून थेट माझ्याकडे रोखली. सगळे वळले. मला पळता आलं असतं, दार जवळच होतं... मी उभी राहिले. गाणं संपेपर्यंत उभी राहिले. पदर खांद्यावर आला होता आणि मी तो सावरला नाही. सुदामला एवढं हसताना मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिलं.

काल शेड झाडली. ड्रम पुसले, काड्यांना कुंकू लावलं, सगळ्यात जाड माळ मोठ्या ड्रमला घातली. तेवढ्यात हॉर्न वाजला. हिरामण आता म्हातारा झालाय, पण टेम्पो तोच चालवतो. तो खाली उतरेना.

"उतर की रे, क्रेट भरलेत."

"तुम्ही सांगितल्याबिगर नाय उतरणार, आक्का. आमच्या नातवानं गाणं ऐकवलंय मला."

मी शेडच्या दारात आले. ड्रमकडे पाहिलं, पोट भरून श्वास घेतला आणि ओरडले, "टेम्पो आला रे, फुलं उचला!"

पत्रा घुमला. आणि माझ्या मागे, छोट्या ड्रमच्या तारा खरखरल्या... अर्धा श्वास उशिरा. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नसतो. मी लावला नव्हता.