दिवे घाटापर्यंतची ट्रायल

मी नोकरीतून निवृत्त झालो त्या हिवाळ्यात आमच्या जुन्या गाडीला पेट्रोलचा वास येऊ लागला. "पंपावरच राहायला गेल्यासारखं वाटतंय," बायको म्हणाली. शेवटी एका दुपारी आम्ही दोघं गाडी घेऊन हडपसरच्या एका गॅरेजमध्ये गेलो.

गॅरेज चालवणारी बाई तिशीची, अमरावतीकडची. तिनं स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली आणि पडदा बराच वेळ वाचला.

"काकाजी, इंजिन तापलं आहे, पण गाडीच्या कॉम्प्युटरले वाटून राहिलं का ते थंडच आहे. म्हणून जास्तीचं पेट्रोल देऊन राहिला."

थंड इंजिनाला कॉम्प्युटर ठरलेल्या आकड्यांवरून पेट्रोल देतो, तिनं सांगितलं. त्याला म्हणायचं ओपन लूप. इंजिन तापलं की धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर काय सांगतो ते ऐकून तो पेट्रोल कमीजास्त करतो. ते क्लोज्ड लूप. आमच्या गाडीचा तापमानाचा सेन्सर बिघडला होता, त्यामुळे कॉम्प्युटर कुणाचंच ऐकत नव्हता.

"म्हणजे इतके दिवस नुसता अंदाज?" बायकोनं विचारलं.

"हो न काकू."

"मग ह्यांचं आणि गाडीचं बरं जमलं."

इंजिन निवल्यावर तिनं नवा सेन्सर बसवला आणि आम्ही ट्रायलला निघालो. ती चालवत होती, बायको मागे, स्कॅनर माझ्या मांडीवर. सासवड रस्त्याला लागल्यावर पडद्यावरचा 'ओपन' हा शब्द गेला आणि 'क्लोज्ड' आला. खालचा ऑक्सिजन सेन्सरचा आकडा हलू लागला. शून्याजवळून एकाजवळ, पुन्हा खाली, पुन्हा वर. मी त्याच्याकडे बघत राहिलो. काचेतून उतरतं ऊन येत होतं, दुकानं, रिक्षा, उसाची गुऱ्हाळं मागे सरकत होती, आणि माझा श्वास कधी त्या आकड्याच्या चालीनं चालू लागला ते कळलंच नाही. मागे बायकोचा डोळा लागला होता.

ट्रायल फुरसुंगीपर्यंतच, तिथून मागे वळायचं होतं. ती वळली नाही, मीही स्कॅनर तसाच धरून बसलो.

दिवे घाटाच्या चढावर तिनं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आकडा वर जाऊन थांबला, शब्द पुन्हा 'ओपन'.

"बिघडली का हो?" मी दचकून विचारलं.

"नाही जी. जोर लागला का तो असंच करते. आता ऐकत बसायले वेळ नाही त्याले." चढ सरला, तिनं पाय हलका केला आणि थोड्या वेळानं आकडा परत झुलू लागला.

वर तिनं गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघं उतरून कठड्याशी गेलो. खाली मस्तानी तलाव, त्यापलीकडे धुरकट पुणं. आठ वर्षं ती हडपसरला होती, पण घाट आजच चढली होती.

"रोज फुरसुंगीवरूनच वापस फिरतो," ती म्हणाली.

बायको जागी झाली. दार उघडून ती बाहेर आली आणि कठड्याशी त्या बाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.