ऑर्लीनची सुई

कॅनडातल्या सास्काटूनच्या एका प्रयोगशाळेत ऑर्लीन होरिच्का सव्वीस वर्षांपूर्वी आली ती काचसामान धुवायला. आता वय अठ्ठावन्न, पदवी एकही नाही. पण प्रथिनांचे स्फटिक वाढवावेत तर तिनेच. हे कुणी विचारलं नाही तरी ती सांगायची.

गेली चार वर्षं ती एकाच प्रथिनाच्या, एका एन्झाइमच्या मागे हात धुऊन लागली होती. त्याच्या जोरावर जंतू आपली भिंत बांधतात. त्याचा आकार कळला तर त्याला अडवणारं औषध घडवता येईल, आणि आकार दाखवणार क्ष-किरण. पण त्यासाठी आधी स्फटिक हवा. तिच्या नवऱ्याच्या, मायरनच्या पायाची जखम तीन औषधांना दाद देत नव्हती. त्यामुळे हे काम नुसतं पगारापुरतं राहिलं नव्हतं.

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात लखलखीत स्फटिक दिसला. एकच. गुरुवारी क्ष-किरणांच्या यंत्रावर त्यांची पाळी होती. ती वाया गेली तर प्रकल्प बंद, असं वरून बजावलं होतं.

"उचलूया आणि यंत्रासाठी लगेच गोठवूया!" पीएचडी करणारा वेंडेल फ्रीसन नाचायचाच बाकी होता.

"आणि मीठ निघालं तर?" ऑर्लीनने विचारलं.

मागच्या वर्षी असाच देखणा स्फटिक यंत्रावर नेला होता. आधी केक कापला, मग पडद्यावर मोजून पाच ठिपके उमटले; प्रथिन असतं तर शेकडो उमटले असते. द्रावणातलं साधं मीठ! एवढ्या शिकल्यासवरलेल्यांची फजिती झाली होती.

ऑर्लीनने बारीक सुई घेतली. मीठ कट्कन फुटतं, प्रथिनाचा मऊ भुगा होतो.

"अहो, एकुलता एक आहे तो!"

"एकुलत्यांनाच आधी पारखावं लागतं. तुझ्या आईला विचार."

तोंडाने थट्टा चालली होती, पण आतून ती घाबरली होती. तिने सुई टेकवली, दाबली. आवाज झाला नाही. स्फटिक खव्यासारखा विस्कटला.

वेंडेलने कपाळावर हात मारला. "प्रथिनच होतं! आणि तुम्ही मारलंत त्याला!"

"मारलं कुठे? बियाणं केलं."

तिने डबीतून आपल्या मांजरीच्या मिशीचा गळलेला केस काढला, त्या भुग्यातून ओढला आणि तोच चोवीस नव्या थेंबांतून हलकेच फिरवला. केसाला चिकटलेल्या कणांवर नवे स्फटिक धरतात.

बुधवारी नऊ थेंबांत स्फटिक होते. गुरुवारी पडदा कडेपर्यंत शेकडो ठिपक्यांनी भरला, आणि वेंडेल सगळ्यांसमोर रडला. त्या ठिपक्यांतून आता आकार काढता येणार होता.

संध्याकाळी मायरनची पट्टी बदलताना तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा पाय बरा होणार?"

"तुझा नाही रे. औषध व्हायला पंधरा वर्षं लागतील. पुढच्या कुणाचा तरी होईल."

मायरनने जखमेकडे बघितलं. "कुणाचा तरी होतोय ना? मग झालं," तो म्हणाला, आणि पट्टी घट्ट बांधेपर्यंत त्याने एकदाही कुरकुर केली नाही.