फुलीची अंडी

बदकवाल्या बाई, तुम्हाला तिरसट म्हणणाऱ्यांची तोंडं काही बंद व्हायची नाहीत. "चार अंड्यांसाठी सख्ख्या दिराशी बोलणं टाकलं," म्हणे! तेव्हा तुमच्या रागाची हकीकत एकदा सगळ्यांसमोर मांडलेलीच बरी.

तर या बाई घराच्या मागच्या खोलीत बदकांची पिल्लं काढतात. पांढरी, खाकी आणि लाल तोंडाची, न ओरडणारी म्हणून 'मुकी' म्हणतात ती. मुक्यांची एकच जोडी उरली होती, तीही कुत्र्याने फाडली. मागे राहिली मादीची शेवटची अंडी. बाईंनी त्यांवर पेन्सिलीने फुली मारली आणि बाकीच्यांबरोबर उबवणीच्या पेटीत ठेवली. धाकटा दीर टेम्पो चालवतो, शेजारच्याच गल्लीत राहतो, येता-जाता डोकावतो. त्याला बजावून झालं होतं, "भावजी, फुलीवाल्यांना आठवडाभर जास्त लागतो. हात लावायचा नाही."

"हो हो, वहिनी." हा माणूस जन्मभर असाच हो हो करत आलेला.

पांढरी-खाकी पिल्लं निघाली. त्यानंतर चार-पाच दिवसांनी बाई खाद्य आणायला गेल्या आणि इकडे भावजींच्या अंगात शहाणपण संचारलं. बाई परतल्या तेव्हा पेटी धुऊनपुसून लख्ख!

"फुलीची अंडी कुठायत?"

"नासली होती हो, एकही फुटेना. उकिरड्यात टाकली. खोलीभर घाण सुटली असती."

"नाक आहे ना तुम्हाला? वास आला होता?"

"नाही, पण..."

"पण काय, कपाळ! आणि कान कुठे गहाण ठेवले होते?"

बाई बाह्या सरसावून उकिरड्यात उतरल्या. अंडी फुटली होती आणि आत पूर्ण वाढलेली पिल्लं गार पडली होती. बाई एकेक कवच उचलून बघत गेल्या. कुजत्या पाल्याच्या उबेत एक अंडं मात्र शाबूत होतं. कानाशी धरलं, तर आतून टकटक!

ते पिल्लू जगलं. पायांत बळ नव्हतं, तर बाईंनी खाद्यात यीस्ट कालवून त्याला उभं केलं. भावजींनी लांबूनच सुचवलं, "टबात सोडा की, बदकच ते!"

"आईविना वाढलेल्याच्या पिसांना तेल नसतं. भिजून गारठून मरेल. का तेही राहिलंय तुमचं?" दार धाडकन लागलं.

पिल्लू मादी निघालं. जात टिकवायची तर त्याच जातीचा नर हवा, आणि तो होता धरणापलीकडच्या एका बदकं पाळणाऱ्याकडे. भावजी ओशाळून म्हणाले, "मी आणतो, वहिनी. उद्याच." बाईंनी राग गिळला आणि पिंजरा घासून स्वतः टेम्पोत ठेवला.

मादी आता अंडी घालते, नेटाने उबवायला बसते, पण नराविना एकही फळत नाही. बाई ती अंडी उचलतात, प्रत्येकावर फुली मारतात आणि न बोलता दिराच्या उंबऱ्यावर ठेवून येतात. पिंजरा अजून टेम्पोतच आहे. भावजी त्यात दोरखंडं ठेवतात.