नवव्या गाडीचा खांब

भाऊ कुणालाही गाडीचं दार स्वतःच्या हाताने उघडू देत नसत. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये नवा विद्यार्थी किंवा नवा नोकरदार येणार असला की त्याला विमानतळावरून आणायला भाऊ जायचे. सामान डिकीत टाकायचं, लगबगीने वळसा घालायचा, फुटपाथकडचं मागचं दार उघडायचं आणि ते धरून ताठ उभं राहायचं. पाहुणा संकोचून पुढच्या सीटकडे वळला की म्हणायचे, "आज मागे बस. उद्यापासून तुलाच चालवायची आहे."

मी आलो तेव्हा मला वाटलं, हा कंपनीने पाठवलेला ड्रायव्हर. घरी पोचल्यावर मी त्यांना पाच डॉलरची टिप दिली. भाऊंनी ती घेतली, कपाळाला लावली आणि वरच्या खिशात ठेवली. सोमवारी ऑफिसात कळलं, की हे गृहस्थ माझ्या बॉसचे बॉस आहेत. पुढची पंधरा वर्षं माझी ओळख करून देताना ते सांगत, "ह्याने मला अमेरिकेतली पहिली टिप दिली. तीसुद्धा कमीच होती."

भाऊ मूळचे नागपूरचे. पेशा माझाच, रिफायनरीच्या पाइपांचा, म्हणून मला हाक मारायचे 'पाइपवाल्या'. नाद मात्र जुन्या गाड्यांचा. श्रीमंतांकडे असतात तशा लाल, चपट्या, दोरीपलीकडून बघायच्या गाड्या नव्हेत. एक तपकिरी स्टेशन वॅगन, जिच्या अंगावर लाकडाचे स्टिकर होते. एक लांबलचक सेडान, जिला वहिनी 'बोट' म्हणत. एक हॅचबॅक, भाऊंच्या विद्यार्थिदशेतली, जिच्या तळाला भोक होतं आणि त्यातून रस्ता दिसायचा. अशा आठ. चार ड्राइव्हवेत, तीन गवतावर ताडपत्रीखाली आणि एक कायमची माझ्या दारात. कॉलनीच्या असोसिएशनची पत्रं येत. भाषा फार नम्र, अर्थ एकच, की हे घर आहे की वाहनतळ?

दर रविवारी सकाळी भाऊ गाड्या धुवायचे. मशीनमध्ये गाडी घालणं त्यांना मान्य नव्हतं. एक बादली, दोन फडकी. टपापासून सुरुवात, टायर सगळ्यांत शेवटी. टेक्सासच्या उन्हात पाणी पडायच्या आत वाळायचं आणि काचेवर डाग राहायचे, म्हणून एकाने धुवायचं आणि दुसऱ्याने लगेच पुसायचं. हा दुसरा मी. पहिल्याच रविवारी मी टायरपासून सुरू झालो आणि तेच फडकं बॉनेटवर फिरवलं. भाऊंनी हात पुढे केला. फडकं माझ्या हातातून घेतलं आणि त्याची घडी करून माझ्याच चेहऱ्यासमोर धरली. "लाव तोंडाला." तेव्हापासून मी टपापासून धुतो. धुणं संपलं की वहिनींचे तर्री पोहे मिळत. खरं सांगायचं तर मी त्या पोह्यांसाठीच जायचो.

नव्या पोरांना गाडी शिकवतानाही त्यांचा एक नेम होता. शिकाऊ माणूस मागच्या सीटवरच्या मित्राशी आरशातून बोलायला लागला, की भाऊंचं बोट आरशावर टकटक करायचं. "आरसा रस्त्यासाठी असतो. मागे कोण बसलंय ते ड्रायव्हरने पाहायचं नसतं." आम्ही ह्याची नक्कल करून हसायचो.

असोसिएशनला कंटाळून भाऊंनी शेवटी गावाच्या कडेला एक एकर जागेचं घर घेतलं आणि जाहीर केलं, की मागे गॅरेज बांधणार. नऊ गाड्यांचं.

"आठ आहेत ना?" मी म्हणालो.

"नऊ."

ड्रॉइंग मी काढतो म्हणालो. भाऊ म्हणाले, आर्किटेक्टला देऊ. मी दुखावलो. मी काढलेल्या पाइपांतून तीन देशांत तेल वाहत होतं आणि मला एक गॅरेज काढता येऊ नये? भाऊंनी हात जोडले.

त्या ड्रॉइंगच्या निमित्ताने आम्ही बरेच शनिवार त्यांच्या डायनिंग टेबलावर बसलो. तिथेच एकदा मी चेष्टेने म्हणालो, "भाऊ, घरापेक्षा गॅरेज मोठं होतंय. लहानपणी गॅरेज नव्हतं वाटतं?"

"गॅरेजला आमचं घर होतं," भाऊ म्हणाले.

त्यांचे बाबा नागपुरात एका बड्या साहेबांचे ड्रायव्हर. बंगल्याच्या गॅरेजला लागून एक खोली होती, तिच्यात पाच माणसं राहत. भाऊंचा अभ्यास गॅरेजमधल्या बल्बखाली, पांढऱ्या अॅम्बेसिडरच्या बॉनेटवर वही ठेवून. सातवीत असताना एकदा, बाबा गाडी पुसत होते तेव्हा, भाऊ मागच्या सीटवर जाऊन बसले. डावीकडे, साहेबांच्या जागेवर. मेमसाहेबांनी खिडकीतून पाहिलं.

"ओरडल्या?"

"नाही रे. एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी बाबांना सांगितलं, कव्हरं काढा, धुवायला टाकायचीत. आदल्याच दिवशी धुतलेली होती."

मी पेन्सिलीला टोक करत राहिलो. टोक होतंच.

"बाबांनी तीस वर्षं ते दार उघडलं," भाऊ म्हणाले. "मागे कधी बसले नाहीत. आता टॅक्सीतही पुढेच बसतात. विचारलं तर म्हणतात, मांगं बसलं का मले मळमळते. त्यांना एकदा मागे बसवायचंय. म्हणून नववी."

"ते बसायचे नाहीत," वहिनी ओट्यापासून म्हणाल्या. "लिहून देते."

नववी गाडी म्हणजे तीच अॅम्बेसिडर नव्हे. ती कधीच भंगारात गेली होती. पण तशीच पांढरी, पुढे सलग बाकासारखी सीट असलेली एक भाऊंनी भारतात शोधून काढली होती आणि ती बोटीने यायची होती. बाबाही येणार होते, ब्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसून.

मी कंबर कसली. प्रत्येक गाडीच्या डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या दाराशी, तीन फूट मोकळी जागा ठेवली. उजवीकडे फूटभर. पोलादी खांब उजव्या भिंतीलगत. बांधणारा रॉबर्टो भला माणूस होता. म्हणाला, "बॉस, शेवटच्या गाडीपाशी खांब आहे. आत्ता सांगा, दोन फूट सरकवतो." मी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "अॅज पर ड्रॉइंग." हे तीन शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरलेत आणि दर वेळी पस्तावलोय.

गॅरेज उभं राहिलं. उद्घाटनाला मी नारळ आणि टायरखाली ठेवायला डझनभर लिंबं घेऊन पोचलो. तिथे बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून सगळे त्रिशरण-पंचशील म्हणत उभे होते. मी पिशवी पाठीमागे लपवली. भाऊंनी ती बरोबर पाहिली. नंतर हाक मारून म्हणाले, "पाइपवाल्या, लिंबं आणलीस ते झकास केलंस. ऊन फार आहे." आणि वहिनींनी सगळ्यांना सरबत केलं. नारळाची चटणी झाली.

अॅम्बेसिडर आली ती बाबा यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. महिनाभर बोटीवर राहून इंजिन बंद पडलेलं. भाऊ स्टिअरिंगवर बसले, आम्ही चौघांनी ढकलली. गाडी नवव्या जागेत रेषेवर बसली. भाऊंनी हँडब्रेक ओढला, समाधानाने दार उघडलं आणि आवाज आला, टण्.

दार चार बोटं उघडलं होतं. पुढे खांब.

भारतातल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? मी त्या देशात सव्वीस वर्षं काढली होती, उजवीकडे बसूनच गाडी शिकलो होतो. पण तीन फूट मी डावीकडे सोडले होते.

"मागे ढकलू," मी म्हणालो. हँडब्रेक सुटेना. केबल गंजून अडकली होती. मेकॅनिक सोमवारी येणार. भाऊ सीटवरून सरकत डाव्या दाराने बाहेर आले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी नुसतं खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अॅज पर ड्रॉइंग?" एवढंच विचारलं आणि बादली आणायला गेले.

शनिवारी बाबा आले. विमानतळावर भाऊंनी मागचं दार उघडून धरलं. बाबा त्यांच्या बाजूने निघून गेले आणि पुढे बसले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

घरी चहा घेऊन आम्ही गॅरेजमध्ये गेलो. बाबा किरकोळ देहाचे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. आठ गाड्यांवरून त्यांची नजर नुसती फिरली. नववीपाशी थांबली. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. मग मडगार्डवरून बोट फिरवून ते पाहिलं.

"धुतली कोनं?"

"मी," भाऊ म्हणाले.

"टायर?"

"शेवटी."

"हाव." आणि बाबा सवयीने, अंग चोरून उजवीकडे शिरले, ड्रायव्हरच्या दाराकडे. हात बरोबर मुठीवर पडला. टण्. त्यांनी खांब वर-खाली न्याहाळला. "हा खांब कोनं गाडला इथं?"

मी बोटीच्या, म्हणजे सेडानच्या, आडोशाला गेलो.

"आपल्या इंजिनिअरनं," भाऊ म्हणाले.

"शिकलेला हाय का?"

डावीकडून सरकत जाणं त्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. बाबा म्हणाले, "मंग तू बस स्टिअरिंगवर. मी पुढं बसतो तुह्या बाजूले." भाऊ डाव्या दाराने सरकत स्टिअरिंगवर गेले. बाबा गाडीला मागून वळसा घालून येईपर्यंत वहिनींनी काय केलं, तर साडी सावरून चटकन पुढच्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं.

"सूनबाई, तुमी मांगं बसा न."

"नाही बाबा," वहिनी म्हणाल्या. "मागे बसलं की मला मळमळतं."

 बाबांचा हात मागच्या डाव्या दाराकडे गेला. त्यांनी ते उघडलं, पूर्ण उघडलं, आणि बाजूला होऊन धरून उभे राहिले. ताठ. कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. मी इतकी वर्षं पाहत आलेली भाऊंची ती ऐट कुठून आली, ते मला तेव्हा दिसलं.

"बाबा, बसा न," आतून भाऊ म्हणाले.

बाबांनी वाकून बूट काढले.

"बूट असू द्या."

"कव्हर खराब होईन ना."

"होऊ द्या," भाऊ म्हणाले.

 मग बाबांनी बूट पुन्हा घातले, आधी बसले आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. दार मी लावलं. त्या दिवसातलं माझं तेवढं एक काम बरोबर झालं.

भाऊंनी हात वर करून आरसा वळवला. काचेत आता रस्ता नव्हता, मागची डावी सीट होती.

"आरसा रस्त्याकडे कर, बे," बाबा म्हणाले. "मांगं काय पाहतं?"

"हाव बाबा," भाऊ म्हणाले. पण आरसा त्यांनी हलवला नाही.

मग जी गाडी जागची तसूभर हलणार नव्हती, तिच्यात बसून बाबांनी अर्धा तास सूचना दिल्या. क्लच पूर्ण दाब. वळणावर हॉर्न दे. सायकलवाल्याले जाऊ दे आधी. नंतरचे तीन महिने भाऊंच्या बाकी गाड्यांत ते पुढेच बसले. पण रोज चारचा चहा गॅरेजमध्ये, मागे डावीकडे, पेपर उघडून. मेकॅनिकने ब्रेक सोडवला तेव्हा मी म्हणालो, खांब माझ्या खर्चाने हलवतो. भाऊ म्हणाले, "हात तर लावून बघ."

बाबा नागपूरला परतले आणि पुढच्या वर्षी गेले. भाऊ तिकडून आल्यावरच्या रविवारी मी न बोलावता फडकं घेऊन पोचलो. भाऊंनी नऊच्या नऊ गाड्या धुतल्या. मी पुसत गेलो. त्या दिवशी पोहे नव्हते, आणि मला त्यांची आठवणही झाली नाही.

ह्या वसंतात भाऊ निवृत्त होऊन मुलीजवळ, पार दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला गेले. तिथलं गॅरेज दोन गाड्यांचं. सात गाड्या त्यांनी गरजू पोरांना वाटल्या. भोकवाली हॅचबॅक माझ्या गळ्यात पडली. अॅम्बेसिडर ट्रकवर चढून पुढे गेली. मुलीची गाडी आता बाहेर उन्हात उभी असते असं ऐकतो.

वहिनी आधीच मुलीकडे पोचल्या होत्या. भाऊंना विमानतळावर मी सोडणार होतो. सामान डिकीत टाकलं, लगबगीने वळसा घातला, मागचं डावं दार उघडलं आणि ताठ उभा राहिलो. "भाऊ, आज मागे बसा."

भाऊ दुसऱ्या बाजूला, फुटपाथवर उभे होते. गाडीच्या टपावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाइपवाल्या, ह्या देशात साहेब उजवीकडून चढतो. तिथे मला ट्रक उडवेल."

पण मी ते उजवं दार उघडायला धावत येईपर्यंत ते थांबले. उघडल्यावर मुकाट्याने आत बसले. मी स्टिअरिंगवर आलो. भाऊ खिडकीबाहेर बघत होते, त्यांच्या रिकाम्या गॅरेजकडे. विमानतळ चाळीस मिनिटांवर होता. आरसा मी रस्त्याकडेच ठेवला होता असं म्हणालो, तर ते भाऊंनाही पटणार नाही.