माझ्या नंबरचा आधीचा मालक

परवा आमच्या माहूज भागातल्या बिल्डिंगखाली गेटचं वेल्डिंग चाललं होतं आणि त्या जळक्या वासाने मला इथला, बहारीनमधला माझा पहिला उन्हाळा आठवला. नवीन सिम घेतल्यापासून मला कर्जवसुलीवाल्यांचे फोन येत होते, माझ्याआधी तो नंबर ज्याचा होता त्याच्यासाठी. “मी त्याला ओळखत नाही,” असं ऑफिसात, जेवताना, भाजी घेताना सांगत राहिलो, पण कुणाचा विश्वास बसेना. एका दुपारी मात्र रत्नागिरीहून त्याच्या आईचा फोन आला. “आवाज का असा झालाय रे तुझा?” मी कोण ते सांगितल्यावर ती रडायलाच लागली. “तो मीना सलमान बंदरात वेल्डिंगच्या कामावर होता. बघाल का जरा?” ऑफिस सुटल्यावर मी तिकडे गेलो, चार ठिकाणी विचारलं, तेव्हा तो सापडला. मला बघून तो घाबरून मागे सरकला. “आईशी बोल,” म्हणत मी फोन लावून दिला. “अम्मी, मी बरा आहे,” एवढंच बोलून तो भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ नुसता ऐकत राहिला. परतताना वाटेतच वसुलीवाल्याने फोनवर गाठलं. “भाईसाब, उसका पता दे दो, खलास, बात खतम.” “वो इंडिया चला गया,” मी म्हणालो, आणि त्याचा चटकन विश्वास बसला. ते फोन थांबले. पण आजही अनोळखी नंबर दिसला की मी दचकतो, आणि तरी उचलतो. कुणाची तरी आई असली तर?